टाचलेली चार पानं

नाटक पाच वाजून पाच मिनिटांनी संपलंच पाहिजे, हा आमच्या कथापथकाचा एक नियम. दुसरा असा, की लेखकानं लिहिलं त्यापलीकडे एक शब्दही स्टेजवर बोलायचा नाही. दोन्ही नियम मीच केलेले. दुसऱ्याचं कौतुक पुण्याच्या पेपरात छापून आलं. पहिला मी कुणाला सांगितलाच नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. कॉलेजातल्या निम्म्या पोरी एस.टी.च्या पासवाल्या. साडेपाचची गाडी चुकली की थेट सातची, आणि मग घरी बोलणी. तुम्ही नाटकात कितीही जीव ओता, सव्वापाच झाले की बाकं सरकायला लागायची.

आम्ही गोष्टी करायचो. कथेवरून नाटक लिहून नव्हे, तर कथा जशी छापली असेल तशी. 'ती उठली आणि चुलीपाशी गेली' हे मी बाजूला उभा राहून बोलणार आणि सायराबानू भाभी उठून चुलीपाशी जाणार. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. एके काळी आम्ही अकरा जण होतो. कुणाला नोकरी लागली, कुणाचं लग्न झालं, एकाला त्याच्या मामानं कारखान्यात चिकटवलं. १९९७ साली उरलो तिघं. मी दादासो, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला कारकून, निवेदक आणि म्हणायला दिग्दर्शक. भाभी म्हणजे गोष्टीतल्या सगळ्या बायका आणि सगळ्या मुली. एरवी ती बारामतीत शिवणकाम करायची. आणि तिचा नवरा राजमहंमद. तो टेम्पो चालवायचा, दिवे लावायचा आणि मामा, पाटील, फौजदार, जे लागेल ते व्हायचा.

मी थकलो होतो. कंबर गेली होती, तासाभरात आवाज बसायचा, आणि जिथं पूर्वी उभं राहायला जागा नसायची तिथं आता प्राध्यापक माइकवरून सांगायचे, "कुणी उठू नका, हे झाल्यावर हजेरी घेणार आहे." घराघरांत केबल आलं होतं. म्हणून त्या डिसेंबरात शुक्रवारी बारामतीच्या एका कॉलेजातला खेळ, शनिवारी सकाळी इंदापूरच्या मुलींच्या शाळेतला शेवटचा, आणि मग पेटीला कुलूप, असं मी दोघांना सांगून टाकलं होतं.

"ह्ये तुमी दर डिसेंबरात म्हंता, तात्या," राजमहंमद म्हणाला. पण या वेळी खरं होतं.

दोन्ही खेळ 'मागं राहिलेली' या कथेचे. ती बिरदेव गुरुजी नावाच्या प्राथमिक शिक्षकानं १९६२च्या एका दिवाळी अंकात लिहिली. त्यांनी जन्मात लिहिलेली ही एकच कथा. मेंढरं घेऊन कोकणात निघालेलं एक घर. आई गेलेली. सात वर्षांची रंगू तापानं फणफणलेली, म्हणून तिला मामाच्या गावी ठेवतात. पंधरा वर्षांचा भाऊ सांगतो, "ज्येष्ठात मेंढरं माघारी आणली की तुला न्यायला येतो." रंगू रोज गाठोडं बांधून वाट बघते. आमच्या नाटकात शेवटी ती गाठोडं मांडीवर घेऊन रस्त्याकडं तोंड करून बसते, राजमहंमद दिवा हळूहळू कमी करतो, आणि अंधार. पाच वाजून पाच मिनिटं.

कथा मात्र तिथं संपत नाही. पुढं चार पानं आहेत. आमच्या आधीच्या दोन नाटकांचे शेवट पोरींच्या चपलांच्या आवाजात वाहून गेले होते, म्हणून अकरा वर्षांपूर्वी हे बसवताना मी ती चार पानं टाचण्या मारून बंदच करून टाकली. तालमीत कुणी उघडायला नको. गुरुजींनी परवानगीच्या पोस्टकार्डावर लिहिलं होतं, 'अवश्य करा. शेवट तेवढा आहे तसा ठेवा.' ते कार्डही मी त्याच अंकात सरकवलं. पुढं स्पर्धेत परीक्षक म्हणाले, शेवट असा अधांतरी सोडण्यात दिग्दर्शकाची प्रतिभा दिसते. मी मान खाली घालून बक्षीस घेतलं. एस.टी.चं नाव काढलं नाही. गुरुजी कधी नाटकाला आले नाहीत, आणि दोन वर्षांपूर्वी ते वारल्याचं कानावर आलं तेव्हा खरं सांगायचं तर मला थोडं सुटल्यासारखंच वाटलं.

शुक्रवारचा खेळ वेळेत संपला. पोरी धावल्या. पाच मिनिटांत हॉल रिकामा. पहिल्या बाकावर मात्र एक म्हातारी बसून होती. हिरवं नऊवारी, डोक्यावर पदर, मांडीवर कापडी पिशवी. शेजारी कॉलेजातली एक मुलगी घड्याळ बघत चुळबुळत होती.

"संपलं, आक्का," मी म्हणालो. नाटक संपल्याचं सांगावं लागतं तेव्हा मला नेहमीच चीड येते.

"आन् भाऊ?"

"कुठला भाऊ?"

"भाऊ यायचा हाय की अजून. तिला न्यायला."

मुलगी मध्ये पडली. तिचं नाव मनिषा. "ही माझी आजी, ठमाबाई. काटेवाडीची. ज्यांनी ही गोष्ट लिहिली ते बिरदेव गुरुजी आजीचे थोरले भाऊ. रंगू म्हणजे आजीच."

भाभी तोंडाचा रंग पुसत होती, तिचा हात थांबला. ठमाबाई शांतपणे सांगत होती. "मला वाचाया येत न्हाय. त्यो दवाखान्यात हुता तवा त्यानं वाचून दावलं. म्हनला, ठमे, आयक, तुला न्यायला आलो बघ मी. भाऊ येतो, रंगूला घोड्यावर बसिवतो, आन् दोगं तळावर जात्यात. खऱ्यात आला न्हाय त्यो. मेंढरं समदी रोगानं मेली, त्यो तिकडंच ऱ्हायला, शिकला. मी मामाकडं वाढले, तितनंच लगीन झालं. मला पयलं पोर झालं तवा लुगडं घिऊन आला. मागचं कुनीच काय काढलं न्हाय. पर गोष्टीत आला ना? त्येवढं डोळ्यानं बगावं म्हनून आले."

मला लाज वाटली. ज्या वाट बघण्यावर मी बक्षीस घेतलं ती या बाईनं खरोखर बघितली होती, आणि साठ वर्षांची झाल्यावर मी तिला पुन्हा तिथंच नेऊन बसवलं होतं. लाज वाटली की माणूस घाईनं बोलून जातो.

"उद्या सकाळी इंदापूरला खेळ आहे," मी म्हणालो. "आमचा टेम्पो काटेवाडीवरूनच जातो. तुम्हाला फाट्यावर घेतो. उद्या पुरा शेवट करतो. भाऊ येणार."

शेवटी भाऊ येतो एवढं मला पक्कं आठवत होतं.

संध्याकाळी राजमहंमदच्या घरी चहा पिता पिता मी अंक काढला. टाचण्या गंजल्या होत्या, उपसताना कागद फाटला. मी मोठ्यानं वाचायला लागलो. भाऊ येतो. ज्येष्ठात येतो, एकटा, हातात नुसती काठी. शिवेवरच्या बाभळीपाशी थांबतो. तिथून मामाचं अंगण दिसतं. रंगू भांडी घासत असते, अंगात नवा परकर, मामाच्या पोरींशी हसत असते. भाऊ बघतो. आपल्याकडं आता ना मेंढरं ना घोडं, हिला नेऊन खायला काय घालायचं, असा विचार करतो आणि वळतो. शेवटचं वाक्य असं होतं: 'त्या वेळी पायात काटा मोडला असता तर बरं झालं असतं, थांबायला कारण मिळालं असतं.'

मी अंक मिटला. भाभीनं कप खाली ठेवला.

"म्हंजी त्यानं तिला वाचून दावलं ते..."

"खोटं वाचलं," मी म्हणालो. "कागदावर एक, तोंडानं दुसरं."

"मग आपुन बी तसंच करायचं, तात्या. भावानं बोललेलं करायचं."

"लेखकाच्या शब्दापलीकडे जायचं नाही, हा नियम आहे."

"आन् चार पानं टाचून ठिवली तवा कुठं गेलता नियम?" भाभी एरवी आवाज चढवत नाही. "त्यो बिचारा कार्डावर लिवून गेला, शेवट ठेवा म्हनून."

"तेच म्हणतोय मी!" मीही चढलो. "शेवट आहे तसा ठेवा, असं लिहिलंय. अकरा वर्षं ठेवला नाही. आता ठेवायचा, तर पुन्हा बदलून ठेवू? त्या माणसानं हे लिहिताना काय सोसलं असेल?"

राजमहंमद दोघांच्या मध्ये बसून बिस्कीट चहात बुडवत होता. शेवटी तो म्हणाला, "ती बाई काय बगायला येनार हाय त्ये ठरलंय. तुमी काय दावनार त्ये तुमचं तुमी ठरवा. मला निस्तं सांगा, दिवा कवा घालवायचा."

ठरलं काहीच नाही. उद्या वाटेत बाईला खरं काय ते सांगून टाकू, मग तिनं यायचं की परत जायचं ते तिचं तिनं बघावं, एवढं मी मनाशी धरलं. म्हाताऱ्या माणसाला फसवायला मी काही पोरखेळ करत नव्हतो.

सकाळी काटेवाडी फाट्यावर दोघी उभ्या होत्या. ठमाबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि हातात कालचीच पिशवी. मनिषा मागं भाभीबरोबर सामानात बसली, ठमाबाई पुढं, राजमहंमदच्या आणि माझ्या मध्ये. साखर कारखान्यांचं गळीत चालू होतं. पुढं उसाचे दोन ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर, त्याच्या मागं आम्ही, बैलगाडीच्या चालीनं.

"शेवटाला भाऊ कोन व्हनार?" तिनं विचारलं.

"मी."

तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "त्यो पंधराचा हुता."

"आमच्यात हे एवढंच तरुण हाय," राजमहंमद म्हणाला. ती हसली. पदर तोंडाला लावून हसली, आणि मला वाटलं, आता सांगावं.

"आक्का, गोष्टीत कसं असतं..." मी सुरुवात केली. ट्रॅक्टरवाल्यानं टेपवर गाणं लावलं होतं, तेच ऐकू येत होतं. "लिहिणारा माणूस कधी कधी..." माझा बसका आवाज मलाच ऐकू येईना. सणसर गेलं. मी दोनदा घसा खाकरला. तिनं पिशवीतून खडीसाखर काढून माझ्या हातावर ठेवली. "घशाला बरी." त्यानंतर कोण सांगणार?

पुढं एका ठिकाणी राजमहंमदनं टेम्पो बाजूला घेतला, कोयता काढला आणि रस्त्याकडेच्या बाभळीची एक फांदी तोडली.

"ती कशाला वं?" ठमाबाईनं विचारलं.

"शेवटाला लागती," तो म्हणाला आणि फांदी मागं टाकली.

 इंदापूर येईपर्यंत तिनं नंतर एक शब्द काढला नाही. मला वाटलं, गाडी लागली असेल.

शाळेच्या हॉलात निळ्या फ्रॉकांच्या रांगा सतरंजीवर बसल्या होत्या. ठमाबाईसाठी पुढं एक बाक ठेवलं. शाळेच्या बाईंनी आधीच सांगितलं, शनिवार आहे, शाळा साडेअकराला सुटते, खेडेगावच्या मुलींची गाडी पावणेबाराला. मी मान हलवली. अकरा वर्षं मी याच गाडीला मान हलवत आलो होतो.

भाभी त्या दिवशी वेगळ्याच रंगात होती. चाळिशीची बाई, गुडघे दुखणारी, पण तापातली रंगू झाली तेव्हा एकही पोर हलली नाही. ती गाठोडं घेऊन बसली. इथं अंधार व्हायचा. राजमहंमदनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली: नाही. दिवा तसाच राहिला, घंटा झाली आणि बाकीचं सगळं जसं व्हायचं तसंच झालं. मागच्या रांगा उठल्या. दप्तरं, डबे, चपला. बाईंनी हाताचं घड्याळ माझ्याकडं वळवून दाखवलं. मी लाकडी ठोकळ्यात खोचलेल्या बाभळीच्या फांदीपाशी जाऊन उभा राहिलो आणि पुढचं बोलायला लागलो.

गुरुजींनी लिहिलेलं तेच मी बोलत होतो. भाऊ ज्येष्ठात आला. एकटा आला. शिवेवरच्या बाभळीपाशी थांबला. अंगणात रंगू भांडी घासत होती. भाभी भांडी घासत होती, तिला काहीच माहीत नव्हतं मी काय करणार ते. हॉल निम्मा रिकामा झाला होता, दारात काही पोरी पाठीवर दप्तर घेऊन थांबल्या होत्या. 'आपल्याकडं आता ना मेंढरं ना घोडं,' मी म्हणालो. आता वळायचं आणि काट्याचं वाक्य. दोनच गोष्टी उरल्या होत्या.

वळताना माझी नजर बाकाकडं गेली. ठमाबाई बाकाच्या अगदी टोकाला सरकली होती. पायांत चपला घातल्या होत्या, पिशवी दोन्ही हातांनी धरली होती. गाडी थांबली की पटकन चढता यावं म्हणून माणूस बसतं, तशी.

मला वळता आलं नाही. मी बाभळ ओलांडून पुढं गेलो. त्यापुढं लिहिलेलं काही नव्हतं, मला काही सुचतही नव्हतं. भाभीनं वर बघितलं.

"ठमे, ऊठ," मी म्हणालो. रंगू म्हणायचं होतं. "ऊठ, चल. लई उशीर झाला मला."

भाभीनं राखेचे हात परकराला पुसले आणि गाठोडं उचललं. मी तिचा हात धरला. आम्ही दोघं विंगेत गेलो, आणि राजमहंमदनं, कुणी न सांगता, दिवा घालवला.

दारातल्या पोरींनी टाळ्या वाजवल्या आणि गाडीला पळाल्या. मी विंगेतल्या खुर्चीवर बसलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी स्वतःचा शब्द बोललो होतो, आणि गुरुजींची एकुलती एक कथा शेवटच्या वाक्यावर मोडली होती. बरं केलं की वाईट, मला सांगता आलं नसतं. 

थोड्या वेळानं ठमाबाई पायऱ्या चढून आत आली. ती रडलेली नव्हती. ठोकळ्यातली बाभळीची फांदी तिनं हातानं जरा चाचपली आणि मग माझ्यासमोरच्या पेटीवर बसली.

"तुमी हितं थांबलात ना," ती म्हणाली, "तवा मला वाटलं, ह्यो बी माघारी जातोय."

तिनं पुन्हा फांदीकडं बघितलं.

"त्या दिशी बगितलं हुतं मी त्याला. बाभळीखाली. भांडी तशीच टाकली, घरातनं गाठुडं घिऊन आले पळत. तवर त्याची पाठ. त्याला वाटलं, मी बगितलं न्हाय. मी बी तसंच ऱ्हाऊ दिलं."

"हाक नाही मारलीत?"

"मारली आस्ती तर त्याला यावं लागलं आस्तं. तोंड बगवत नव्हतं त्याचं." तिनं लुगड्याचा काठ सारखा केला. "दवाखान्यात त्यानं वाचलं तवा म्हनलं, चला, गोष्टीत तरी नेलंय मला. सकाळी टेम्पोवाल्यांनी फांदी तोडली तवा कळलं. न्हाय. लिवलंय त्ये खरंच लिवलंय. माजा भाऊ खोटं लिवनारा न्हवता."

"आक्का, मी सांगणार होतो वाटेत..."

"ठावं हाय. घसा बसला तुमचा."

भाभी विंगेच्या कोपऱ्यात गाठोडं हातात घेऊन उभी होती. मला राहवलं नाही. "मग सगळं कळलं होतं, तरी पिशवी धरून कशाला बसला होतात?"

तिनं मांडीवरच्या पिशवीकडं बघितलं.

"न्यायला कुनी आलं की कसं वाटतंय, त्येवढं बगायचं हुतं."

बाहेर राजमहंमदनं हॉर्न वाजवला. ठमाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि पिशवी माझ्या हातात दिली.